बासनातली बंदूक

"जिनू, आपली बंदूक तुह्या त्या पुस्तकात हाये का नाई, येवढंच सांग."

जिनदास दोन इंची खिळे तोलत होता. बिजागऱ्या निवडायला आलेलं गिऱ्हाईक बाजूला सरकलं आणि जगदेव दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. धाप लागली होती. टोपी हातात होती आणि टोपीतच चार घड्यांचा एक कागद.

"आंधी बस तं खरं. पानी पी."

"पानी मंग. हे वाच."

कागद पोलीस ठाण्याचा होता. ज्या बंदुकांचे परवाने संपले आणि ज्या कित्येक वर्षं ठाण्यात जमा आहेत, त्या सगळ्या आता नष्ट करायच्या होत्या. त्याआधी येत्या शनिवारी वाशीमला, पोलीस मुख्यालयात त्यांची पाहणी होती. कुणाची वस्तू फार जुनी, जपण्याजोगी असेल, तर त्यानं त्या दिवशी पुरावा घेऊन यायचं.

"नष्ट म्हंजे भट्टीत वितळवतेत," जगदेव म्हणाला. "ठान्यातल्या पोरानं सांगतलं मले. नागपूरची कोनी म्युझियमची मॅडम येऊन राह्यली. तिले पटलं तं ती घेऊन जाईन, काचेत ठेवीन. नाई पटलं तं खलास. पाय जिनू, मले ते वापस नको. मी काय आता या वयात डुकरं मारत फिरू? फकस्त वितळाले नको. आज्याले साहेबानं देल्ली होती ते."

जिनदासने खिळे पुडीत बांधले, गिऱ्हाइकाला दिले, आणि पारडं उगाच एकदा फडक्यानं पुसलं.

"पुस्तक घरी नाई," तो म्हणाला.

"मंग कुठी हाये?"

"देल्लं हाये एका जागी."

"तं आन ना! आठ दिवस हायेत. साऱ्या गावाले मालूम हाये, जिनदास शेट मुंगीले वाट देते अन् बंदुकीचं पुस्तक वाचते. तीस वर्सं लोकं हासून राह्यले. एक डाव तं कामी येऊ दे ते!"

गिऱ्हाईक हसलं. जगदेवही हसला, आणि आता काम झालंच असं समजून पाणी प्यायला. जिनदास तेवढा हसला नाही. बोललेला शब्द न् शब्द खरा होता: पुस्तक घरी नव्हतं, एका जागी दिलेलंच होतं. तरीही त्याच्या जिभेवर लोखंड चाटल्यासारखी चव आली.

*

जगदेवच्या घरची बंदूक म्हणजे एका वेळी एकच गोळी उडवणारी जुनी रायफल. आताच्या मुलांना असली बंदूक समजावून सांगायची तर अशी सांगावी लागेल: नळीच्या मागच्या तोंडाशी लोखंडाचा एक ठोकळा असतो, दाराला अडसर असावा तसा. खाली एक लांब दांडी असते. दांडी खाली ओढली की ठोकळा उतरतो आणि नळीचं तोंड उघडतं. एक काडतूस आत सरकवायचं, दांडी वर घ्यायची, दार बंद. बार झाला की पुन्हा दांडी, पुन्हा काडतूस. घाईचं काम नाही. नेम चुकला तर वाघ काही थांबत नसतो, म्हणून आधी नीट बघायचं आणि मगच चाप ओढायचा.

दोघं दहा-अकरा वर्षांचे असताना दर दसऱ्याला जगदेवच्या ओसरीवर ही बंदूक पाटावर निजवलेली असे. हळदकुंकू, झेंडूचं फूल, समोर नारळ. मग जगदेवचा आजा, आणि पुढे त्याचा बाप, चार माणसांत गोष्ट सांगे. जंगलात साहेबाचा तंबू पडला होता, बिबट्या आत शिरला, आज्यानं कुऱ्हाडीनं त्याला हाकललं आणि साहेबानं खूश होऊन आपल्या खांद्यावरची रायफल आज्याच्या खांद्याला अडकवली. गोष्ट संपली की नारळ फुटायचा. अर्धा देवाजवळ राहायचा आणि अर्धा ताटलीत घालून गावाच्या टोकाला गंगू लोहाराच्या घरी जायचा. सोनं वाटायच्याही आधी. गडीमाणसाच्या हाती नाही, घरच्याच मुलानं न्यायचा. जगदेव ताटली धरी आणि जिनदास वरचा रुमाल. गंगू तेव्हा फार म्हातारा होता, डोळ्यांनी अधू झालेला. खोबरं हातात घेऊन तो म्हणे, "झाली का पूजा?" बस. एवढंच. हे कशासाठी, असं मुलांनी एकदा विचारलं तर आजा म्हणाला होता, "नेम हाये."

जिनदासचाही एक नेम होता. बाराव्या वर्षी गावात मुनिमहाराज आले, तेव्हा आईनं त्याला पुढं बसवून नियम घ्यायला लावला होता: जन्मात हत्याराला हात लावणार नाही. आईला त्या दसऱ्याच्या ओसरीची धास्ती होती. जिनदासनं नियम घेतला आणि पाळला. बंदूक त्यानं कधी बोटानंही शिवली नाही. पण नियम हाताला होता. डोळ्यांना कुणी घातला नव्हता.

पुढं बापाचं हार्डवेअरचं दुकान त्याच्याकडे आलं. माल आणायला नागपूरला गेला की तो जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर रेंगाळे. तिथं एकदा जाड पुठ्ठ्याचं एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं. परदेशातले हौशी लोक एकगोळी जुन्या रायफली जमवतात, त्यांच्यासाठी केलेलं. कोणत्या साली कोणती निघाली, कुठं कोणता शिक्का असतो, खरी कोणती आणि खोटी कोणती. उघडलं तर समोर जगदेवच्या ओसरीवरची बंदूक! तीही सुटी केलेली: प्रत्येक भाग हवेत तरंगावा तसा वेगळा काढून दाखवलेला, प्रत्येक स्क्रूला आकडा. जन्मभर कुलपं, कड्या, कोयंडे विकणाऱ्या माणसाला ते चित्र मंदिराच्या नकाशासारखं वाटलं. कुठला भाग कुठल्याला धरून आहे, एक काढला तर काय काय खाली येईल, सगळं दिसत होतं. शब्दकोश शेजारी ठेवून तो रोज दुपारी एक पान लावू लागला. त्याचं इंग्रजी त्याच पुस्तकावर झालं. म्हणून त्याला बाजारातलं इंग्रजी बोलता येत नसे, पण चाप, कमान, खटका यांचे इंग्रजी शब्द झोपेतही आठवत. नंतर टपालानं मागवून आणखी चार पुस्तकं आली. लोक हसायचे ते यामुळे.

जगदेवला मात्र अभिमान होता. "आपल्या बंदुकीचं साल काढून राह्यला जिनू," तो सगळ्यांना सांगायचा.

आणि मग एका उन्हाळ्यात जगदेवनं बंदूक साफ करायला खोलली, दोन स्क्रू झिजलेले वाटले, आणि ते कागदात बांधून तो दुकानात घेऊन आला. "याच्यासारखे दे."

स्क्रू म्हणजे काही हत्यार नव्हे. जिनदासनं ते तळहातावर घेतले. दुकानातला एकही त्यांच्याशी जुळेना. त्यानं पुस्तकातला तक्ता काढला, कोणत्या स्क्रूला इंचामागं किती आटे. तक्त्याशीही जुळेना. दोन्ही एकाच जागचे, डाव्या आणि उजव्या बाजूचे. पण त्यांचे आटे एकमेकांशीसुद्धा जुळत नव्हते. भिंग लावून पाहिलं तेव्हा आट्यांच्या कडेला कानशीचे ओरखडे दिसले. पुस्तकात शेवटी नकलांचं प्रकरण होतं. त्यात हेच लिहिलं होतं: कारखान्यातल्या बंदुकीचा स्क्रू दुसऱ्या बंदुकीला बसतो, हातानं केलेल्या बंदुकीचा स्क्रू फक्त आपल्याच भोकाला ओळखतो.

जिनदास बराच वेळ गल्ल्यावर बसून राहिला. संध्याकाळी जगदेव आला तेव्हा त्यानं स्क्रू परत दिले. "असे बजारात भेटत नाईत. हेच लाव. चांगले हायेत." तेही खरंच होतं.

"अन् साल?"

"पाहून राह्यलो."

त्या रात्री त्यानं ते एक पुस्तक पिवळ्या कापडात, शास्त्राची पोथी बांधतात तसं बासनात बांधलं आणि घरातल्या शास्त्रांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं. जगदेव दुकानातली पुस्तकं चाळायचा, पण त्या कपाटाला तो कधी हात लावणार नाही, हे जिनदासला माहीत होतं.

*

दोन वर्षांपूर्वी श्रुतपंचमीला घोटाळा झाला. त्या दिवशी मंदिरातली शास्त्रं बाहेर काढतात, ऊन दाखवतात, नव्या कापडात बांधतात. कुणाच्या घरात जुन्या पोथ्या पडून असतील तर त्याही मंदिराच्या भांडारात देतात. जिनदासची सून रिंकू पहाटे न्हाली, कपाटातली दोन बासनं काढली, डोक्यावर घेतली आणि अनवाणी मंदिरात देऊन आली. एक पोथी होती. दुसरी बंदूक.

"बाबूजी, मी उघडून कशी बघणार?" ती रडकुंडीला आली होती. "शास्त्राला उगाच हात लावायचा नाही, तुम्हीच सांगता ना! तुम्हीच बांधून ठेवलं होतं."

चूक तिची नव्हतीच. जिनदास म्हणाला, "आनतो मी मंग." आणि आणलं नाही. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटलं होतं. आता जगदेवनं विचारलं तर सांगायला उत्तर होतं.

ते उत्तर शनिवारी दुकानात देऊन झालं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तो नेहमीसारखा मंदिरात पाठशाळा घ्यायला गेला. अकरा मुलं सतरंजीवर बसली होती. पाठशाळेच्या पुस्तकात अहिंसेनंतरचा धडा सत्याचा. जिनदासनं चष्मा सारखा केला आणि अचौर्याच्या धड्याला सुरुवात केली.

"आजोबा," नातीनं, खुशबूनं हात वर केला, "तुमी दोन पानं सोडली."

"ते पुढच्या रविवारी."

"पन क्रमानं असते ना? तुमीच तं सांगता, पायरी सोडली का मानूस पडते."

मुलं खिदळली. जिनदासही हसला, पण पानं मागं घेतली नाहीत.

मुलं गेल्यावर तो भांडाराच्या खोलीकडे वळला. किल्ली त्याच्या मोठ्या बहिणीकडे असे. प्रेमाबाई ऐंशीच्या पुढची. तरुणपणीच नवरा गेल्यापासून मंदिरामागच्या खोलीत राहणारी. भांडारातल्या प्रत्येक पोथीला तिच्या हातचा नंबर होता.

"ताई, मागच्याच्या मागच्या साली रिंकूनं दोन बासनं देल्ली होती..."

"एक देल्लं," प्रेमाबाई म्हणाली. "नंबर एकशे बारा. दुसरं तुहं हाये, खालच्या फळीवर. बिननंबरी."

जिनदासची मान खाली गेली. "तू उघडलं?"

"मी नाई उघडनार तं कोन? उघडलं, पाह्यलं, बांधलं. हत्याराचं पुस्तक देवाच्या घरी दोन वर्सं ठेवलं म्या, जिनू. तू येशीन, तू येशीन म्हनून वाट पाहून राह्यली. येवढं काय लपवासारखं हाये त्याच्यात? चित्रंच तं हायेत."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. स्क्रू, आटे, नकलांचं प्रकरण. पुस्तक नेलं तर बंदूक खोटी ठरते, नाही नेलं तर वितळते. प्रेमाबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं किल्ली लावली, खाली वाकली, बासन काढलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"कापड धुवून वापस आनजो," ती म्हणाली. "आमाले बासनं कमी पडतेत."

*

शनिवारी पहिल्या बसनं दोघं निघाले. खिडकीबाहेर सोंगणीला आलेलं सोयाबीन पिवळं पडलं होतं. जगदेवनं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो निघाल्यापासून बोलत होता. कारंजा गेलं. मांडीवरच्या बासनावर जिनदासचे दोन्ही हात होते.

"तू काहून गप हायेस बे? गाडी लागते का तुले?"

मंगरूळपीरला बस पंधरा मिनिटं थांबली. जगदेवनं चहा घेतला. जिनदास बाहेरचं काही घेत नसे, तो आपल्या बाटलीतलं पाणी प्यायला आणि बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाला, "जगदेव, तुह्या बंदुकीचं पान हाये याच्यात. पन ते नकलांचं पान हाये."

"म्हंजे?"

"साहेबाची नाई ते. कारखान्यातलीच नाई. कोन्या तरी मानसानं हातानं केली. तू दोन स्क्रू आनले होते, आठवते? कारखान्यातले असते तं इकडचा तिकडं बसला असता. तुहे दोन स्क्रू एकमेकाच्या जागीबी बसत नव्हते. एकेक आटा कानशीनं पाडेल होता."

जगदेवचा कप ओठापाशी थांबला. "स्क्रू आनले त्याले तीस वर्सं झाले."

"हो."

"तवाच कळलं तुले?"

"तवाच."

"माहा बाप जित्ता होता तवा."

"हो."

"दर दसऱ्याले तो चार मानसांत सांगत होता. तू समोर बसून आयकत होता."

"हो."

"अन् माह्या माईच्या हातचा पेढा खात होता."

"हो, जगदेव."

जगदेवनं कप टपरीच्या फळीवर ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "मले येड्यात काढलं तुनं," तो हळू म्हणाला. "लोकं तुले हासत होते, अन् तू मले."

"हासलो नाई रे. एकबी डाव नाई."

पण जगदेव बसमध्ये चढला होता. जिनदास मागून आला तेव्हा तो शेवटच्या बाकावर खिडकीशी बसलेला दिसला, शेजारच्या जागेवर टोपी ठेवून. वाशीमपर्यंत जिनदासनं मागं वळून पाहिलं नाही. पाहण्याची हिंमत झाली नाही.

*

मुख्यालयाच्या लांबट खोलीत टेबलं जोडून त्यांवर बंदुका मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी. कुणाच्या दस्त्याला वाळवी लागलेली, कुणाची नळीच तेवढी उरलेली. नागपूरच्या मॅडमचं नाव रत्नमाला. चाळिशीच्या, हातात पांढरे सुती मोजे, बोलणं शांत.

जगदेवची बंदूक सातवी. जिनदासनं तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती लहान झाल्यासारखी वाटली. हळदीचा एक पिवळट डाग दस्त्याच्या खाचेत अजून होता.

त्यानं टेबलाच्या कोपऱ्यावर बासन सोडलं. मॅडम पुढं झुकल्या. "हे तुमच्याकडे कसं? हे पुस्तक मी फक्त याद्यांमध्ये वाचलंय, काका. हाताळलं कधीच नाही."

"फुटपाथवर भेटलं," जिनदास म्हणाला आणि खूण घातलेलं पान उघडलं.

मॅडमनी पान पाहिलं, प्रकरणाचं नाव वाचलं आणि त्याच्याकडे पाहिलं. मग भिंग घेऊन बंदुकीवर वाकल्या. नक्कल करून उठवलेला मुकुटाचा शिक्का, दांडीचा सांधा, स्क्रूंची डोकी. सावकाश, एकेक. जिनदासच्या मनात आलं, दुपारी दुकानात आपण असंच बघायचो.

"घराण्यात हिची काय माहिती सांगतात?" त्यांनी विचारलं.

जिनदासनं तोंड उघडलं. पण त्याच्या खांद्यावरून जगदेवचा आवाज आला. तो मागं येऊन कधी उभा राहिला होता, कळलं नव्हतं.

"साहेबानं देल्ली असं आमी सांगत होतो. ते खरं नाई. हातची हाये ते."

"हो, हातचीच आहे," मॅडम म्हणाल्या. "कारखान्याच्या आमच्याकडे सात आहेत, आणखी एक नको होती मला. पण हे काम वेगळं आहे, ही मी नेणार. साधी कानस, छिन्नी आणि भाता, एवढ्यावर कुणीतरी अख्खी यंत्रणा उतरवलीय. खरी बंदूक त्यानं कधीतरी खोलून पाहिली असणार. कोण होता तो, काही अंदाज?"

मॅडमनी मोज्याच्या हातानं दांडी खाली ओढली. खट्‌ असा जाड, भरीव आवाज झाला आणि ठोकळा उतरला.

"तुम्ही ओढून बघा ना, काका," त्या जिनदासला म्हणाल्या. "इतकी वर्षं वाचलंत."

जिनदासचे हात आपोआप पाठीमागं गेले. "मले नेम हाये."

नेम हा शब्द ऐकला आणि जगदेवनं मान वर केली. तो कुठेतरी दूर बघत होता.

"गंगूनं केली," तो म्हणाला.

"कोण गंगू?"

"आमच्या गावचा लोहार. मॅडम, दसऱ्याले बंदुकीची पूजा झाली का अर्धं नारळ त्याच्या घरी जाये. सोनं वाटाच्या आंधी. माहा आजा घरच्याच पोराच्या हाती धाडे. आमी दोघंच घेऊन जात होतो. काहून, ते कोनी सांगतलं नाई. नेम हाये म्हने, बस." त्यानं जिनदासकडे पाहिलं, मंगरूळपीरनंतर पहिल्यांदा. "तो काय म्हनत होता रे, खोबरं हाती घेऊन?"

"झाली का पूजा," जिनदास म्हणाला.

"झाली का पूजा! दुसरं कायी इचारतच नव्हता. आपल्या हातच्या चीजेची इचारत होता तो."

मॅडमनी पेन काढलं. "हा पुरावा नाही होत. पण नोंदीत लिहिता येईल, घरची आठवण म्हणून."

"नक्की मालूम नाई, असंबी लिवा," जिनदास म्हणाला.

"लिवू दे ना बे!" जगदेव ओरडला. दोन पोलिसांनी वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "लिवा मॅडम. तो म्हनते ते बी लिवा."

त्यांनी कार्डावर लिहिलं आणि वाचून दाखवलं: एकगोळी रायफल, स्थानिक, हाताने बनवलेली. घराण्यातील आठवणीप्रमाणे कारागीर गंगू लोहार, कामरगाव परिसर. खात्रीलायक पुरावा नाही.

"आनखी एक डाव वाचा," जगदेव म्हणाला. त्यांनी वाचलं. तो कान देऊन ऐकत होता. गंगूचं नाव आलं तेव्हा त्यानं टोपी काढली.

मॅडम पुस्तकाच्या पानांचे फोटो घ्यायला खिडकीशी गेल्या. टेबलापाशी दोघंच राहिले. जगदेवनं शिपायाला विचारून बंदूक उचलली. नळी जमिनीकडे, आतला भाग उजेडाकडे करून त्यानं ती जिनदासच्या डोळ्यांपुढं धरली आणि दांडी अगदी सावकाश खाली घेतली. ठोकळा उतरला. आत कमान दिसली, खटका दिसला, पानभर आकड्यांनी दाखवलेलं सगळं, आणि त्या सगळ्यावर कानशीचे बारीक आडवे ओरखडे. जगदेवनं दांडी वर घेतली. पुन्हा खाली. तीनदा. त्यानं घाई केली नाही. जिनदास हात पाठीमागं बांधून, वाकून बघत राहिला.

*

परतताना बसमध्ये जगदेव त्याच्या शेजारी बसला. टोपी त्यानं मांडीवर ठेवली. कारंज्यात त्यानं खाली उतरून एक नारळ घेतला. कामरगावात उतरले तेव्हा दिवस मावळला होता.

गावाच्या टोकाला, गंगूच्या भात्याच्या जागी आता पंक्चरचं दुकान आहे. त्याची माणसं कधीच गाव सोडून गेली. शटर ओढलेलं होतं. जगदेवनं ओट्याच्या कडेवर नारळ फोडला आणि अर्धं भकल ओट्यावर ठेवलं. थोडा वेळ ते तसंच पाहत उभा राहिला. मग परत उचललं.

"इथं कुत्रं नेईन," तो म्हणाला. "तू धर. नेत तं आपुन दोघंच होतो."

"दिवस बुडाला. मी आता खात नाई."

"मालूम हाये मले. उद्या खाजो."

जिनदासनं बासनाची गाठ सोडली, पुस्तकाशेजारी खोबरं ठेवलं आणि गाठ पुन्हा बांधली. जगदेव अंधारात आपल्या घराकडे चालू लागला. वळणावर थांबून तो एवढंच म्हणाला, "बाप गेला ते बरं झालं." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जिनदास पाठशाळेत थोडा लवकर पोचला. प्रेमाबाईला त्यानं धुतलेलं पिवळं कापड दिलं. अजून ओलसर होतं. तिनं ते दोरीवर टाकलं आणि त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"हे काय? देवाले चढवेल तं नाई ना? तसं खाल्लेलं आपल्यात चालत नाई."

"नाई ताई. मानाचं हाये."

मुलं सतरंजीवर बसली. जिनदासनं चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि दोन पानं मागं घेतली. वाचायला सुरुवात करण्याआधी त्यानं डबा उघडून प्रत्येकाच्या तळहातावर खोबऱ्याचा एकेक तुकडा ठेवला.

"आजोबा, हे कुठलं?" खुशबूनं विचारलं.

"गंगू लोहाराच्या घरचं," जिनदास म्हणाला. "सावकाश चावा. मंग सांगतो."